बांध सोडून शेतातून : नरेंद्र करमरकर यांच्या गणितव्यासंगाची प्रस्तावना

भोरच्या डोंगरातून नीरा आणि येळवंडी जे पाणी खाली आणतात त्याचा काही हिस्सा वीर येथून डाव्या कालव्यात वळतो, पुरंदरच्या कडेने पूर्वेस सरकतो, बारामतीचा बागाईत पट्टा भिजवतो आणि इंदापूरच्या हद्दीत टेलला पोहोचेपर्यंत पुष्कळसा क्षीण झालेला असतो. १८७६-७७ च्या दुष्काळात पोटासाठी खडी फोडणाऱ्या माणसांच्या हातांनी ज्याचा आरंभ झाला आणि १८८५ च्या सुमारास ज्यातून पाणी खेळू लागले, त्या या कालव्याने जिराईत मुलखाला बागाईत केले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याने या मुलखाला एक गणितही घातले, आणि ते गणित गेली सव्वाशेहून अधिक वर्षे पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात, कारखान्याच्या शेतकी खात्यात आणि शेतकऱ्याच्या ओसरीवर दरसाल नव्याने मांडले जात आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. पाणी इतके, जमीन इतकी, हातातील माणसे इतकी. या हद्दीत राहून सर्वांत अधिक लाभ कोणत्या वाटणीने पदरात पडेल, हे ते गणित होय.

या गणिताला विसाव्या शतकात शास्त्राचे रूप आले, त्याला लिनिअर प्रोग्रॅमिंग हे नाव मिळाले, आणि आपल्या बारावीच्या वर्गांतून ते आज ‘एलपीपी’ या तीन अक्षरांनी ओळखले जाते. त्या शास्त्राला १९८४ साली ज्याने अगदी नवी वाट दाखविली तो गणिती ग्वाल्हेरच्या एका मराठी कुटुंबात जन्मलेला होता. नरेंद्र करमरकर यांच्या विद्याजीवनाचा परिचय बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील वाचकांना, त्यातही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना, करून द्यावा या हेतूने पुढील पृष्ठे लिहिली आहेत. करमरकरांचा या तालुक्यांशी जन्माचा वा वास्तव्याचा काही संबंध आहे असे माझे म्हणणे नाही. ज्या प्रश्नावर त्यांनी आपली बुद्धी खर्चिली तो प्रश्न येथे रोजच्या व्यवहाराचा आहे, आणि तेवढा संबंध मला पुरेसा वाटतो.

प्रश्नाचे स्वरूप एका लहानशा उदाहरणाने प्रथम डोळ्यांपुढे उभे करणे बरे. समजा, एका शेतकऱ्याकडे कालव्याखालची सहा एकर जमीन आहे आणि नमुना सातचा अर्ज मंजूर होऊन त्याच्या वाट्याला पाण्याचे बारा हिस्से आले आहेत. उसाच्या एका एकराला चार हिस्से पाणी लागते, गव्हाच्या एकराला एक. उसाचा एकर त्याला तीन हिस्से नफा देतो, गव्हाचा एकर एक. सगळा ऊस लावावा म्हटले तर तीन एकरांतच पाणी संपते, उरलेली तीन एकर पड राहते आणि नफा नऊ हिस्से होतो. सगळा गहू पेरला तर जमीन भरते, पण पाणी वाया जाते आणि नफा सहावरच थांबतो. दोन एकर ऊस आणि चार एकर गहू केला तर मात्र जमीन व पाणी दोन्ही पुरेपूर कामी येतात आणि नफा दहा हिस्से पदरात पडतो. याहून अधिक कोणत्याही वाटणीने मिळणे शक्य नाही. आलेखाच्या कागदावर जमिनीची आणि पाण्याची अट मांडली म्हणजे चार कोपऱ्यांचे एक क्षेत्र तयार होते. त्याच्या आतील आणि कडेवरील प्रत्येक बिंदू ही एकेक शक्य वाटणी असते, आणि उत्तम वाटणी त्या क्षेत्राच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतेच, असा या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे.

येथपर्यंत विद्यार्थ्याला काहीच अवघड वाटत नाही; अवघडपणा पुढे आहे. सहकारी साखर कारखान्याचा एक गळीत हंगाम घ्या. मग तो माळेगावचा असो, सोमेश्वरचा असो वा भवानीनगरच्या छत्रपतीचा असो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा निरनिराळ्या वयांचा ऊस शेकडो शेतांत उभा असतो, प्रत्येकाचा उतारा निरनिराळ्या आठवड्यांत शिगेला पोहोचतो, आणि तुटलेल्या उसातील साखर उन्हात तासातासाने कमी होत असते. टोळ्या मोजक्या, गाड्या आणि ट्रक मोजके, गव्हाणीत दिवसाकाठी पडू शकणारा ऊसही मोजका. कोणत्या शेताची तोड कोणत्या दिवशी आणि कोणत्या टोळीला, हा तोडणी कार्यक्रम आखताना अज्ञात राशी दोन राहत नाहीत, त्या हजारांच्या घरात जातात. आणि कागदावरचे ते चौकोनी क्षेत्र हजारो परिमाणांच्या, डोळ्यांनी कधीच न दिसणाऱ्या एका बहुफलकात रूपांतर पावते. त्याचे कोपरे मोजून संपण्यासारखे नसतात.

या जंगलातून वाट काढण्याचे पहिले मोठे श्रेय दोन माणसांकडे जाते. १९३९ साली लेनिनग्राडला लिओनिद कांतोरोविच यांनी कारखान्यातील उत्पादनाच्या वाटणीचा प्रश्न प्रथम या रूपात मांडला, आणि १९४७ साली अमेरिकी वायुदलाच्या नोकरीत असलेल्या जॉर्ज डँटझिग यांनी सिम्प्लेक्स नावाची रीत दिली. सिम्प्लेक्स ही बांधाबांधाने जाणाऱ्या माणसाची रीत आहे. एका कोपऱ्यावर उभे राहावे, तेथून निघणाऱ्या बांधांपैकी ज्यावरून नफा वाढतो तो धरून पुढचा कोपरा गाठावा, आणि जेथून पुढे कोणताच बांध वर चढत नाही तेथे थांबावे. व्यवहारात ही रीत आश्चर्यकारक वेगाने चालली. गिरण्या, तेलशुद्धी कारखाने, रेल्वे आणि सैन्य यांनी ती चार दशके विश्वासाने वापरली. परंतु १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी या दोघांनी असा एक वाकडा केलेला घन रचून दाखविला की, सिम्प्लेक्सला त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला भेट देणे भाग पडावे. पन्नास परिमाणांच्या अशा घनाला ११२५ लाख कोटींहून अधिक कोपरे असतात. सेकंदाला दहा लाख कोपरे ओलांडणारे यंत्र जरी घेतले तरी ते पस्तीस वर्षांहून अधिक काळ बांधांवरूनच फिरत राहील. १९७९ साली सोव्हिएत गणिती लिओनिद खाचियान यांनी लंबगोलांच्या साह्याने एक रीत दिली. तिने हा प्रश्न बहुपदी काळात, म्हणजे प्रश्नाच्या आकाराच्या मर्यादित घाताइतक्या पायऱ्यांत, सुटतो हे प्रथमच सिद्ध केले. सिद्धांताच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. पण प्रत्यक्ष हिशेबाला बसले म्हणजे ती रीत इतकी मंद चाले की, कारखान्याच्या कचेरीत तिला कोणी विचारले नसते.

करमरकरांचे विद्याजीवन समजण्यास ही पार्श्वभूमी आवश्यक होती, म्हणून तिच्यावर एवढा वेळ घालविला. त्यांच्या शिक्षणाचा वृत्तांत मात्र थोडक्यात सांगता येतो. मुंबईच्या पवई येथील आयआयटीतून १९७८ साली ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले, पुढील वर्षी त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची एम.एस. ही पदवी घेतली, आणि १९८३ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट संपादन केली. तेथे त्यांचे मार्गदर्शक रिचर्ड कार्प होते. अनेक व्यावहारिक प्रश्न मुळात एकाच जातीचे आणि एकसारखेच दुर्घट आहेत हे कार्प यांनी १९७२ साली दाखवून दिले होते, आणि अशा दुर्घट प्रश्नांशी कसे वागावे हाच करमरकरांच्या प्रबंधाचा विषय होता.

त्या काळात गुरुशिष्यांनी मिळून केलेले एक काम येथील वाचकाला विशेष जवळचे वाटेल. काही संख्या दिल्या असता त्यांचे दोन गट असे पाडावयाचे की दोहोंच्या बेरजा शक्य तितक्या सारख्या याव्यात. दोन भावांत जमिनीच्या तुकड्यांची वाटणी करावयाची ती हीच. प्रत्येक शक्य वाटणी तपासून पाहणे तुकडे थोडे वाढताच अशक्य होते. करमरकर आणि कार्प यांची युक्ती अशी की, सर्वांत मोठ्या दोन संख्या घ्याव्या, त्या परस्परविरुद्ध गटांत जाणार एवढेच ठरवावे, दोघींच्या जागी त्यांची वजाबाकी ठेवावी आणि एकच संख्या उरेपर्यंत हे चालू ठेवावे. ८, ७, ६, ५, ४ या तुकड्यांवर ही रीत चालवली तर शेवटी २ उरतात, म्हणजे एका भावाला १६ आणि दुसऱ्याला १४ मिळतात. ८ आणि ७ एकीकडे व ६, ५, ४ दुसरीकडे घातले तर दोघांना पंधरा पंधरा येतात, हे चाणाक्ष वाचकाच्या लगेच ध्यानात येईल. तेव्हा ही रीत नेहमीच अचूक नसते. परंतु तुकडे पुष्कळ असले म्हणजे ती इतक्या थोड्या श्रमात इतकी जवळची वाटणी देते की तिच्यापुढे पुष्कळ चतुर रीती फिक्या पडतात. अचूकपणा कोठे सोडावा आणि कोठे हट्टाने धरावा, याचा विवेक करमरकरांनी बर्कलीत शिकून घेतला असे मला वाटते.

डॉक्टरेटनंतर ते न्यू जर्सीतील मरी हिल येथे बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९८४ साली त्यांनी आपली रीत जाहीर केली. प्रथम संगणनशास्त्राच्या परिषदेत आणि पाठोपाठ ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात तो निबंध छापून आला. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर त्याची बातमी दिली. गणितातील एखाद्या निबंधाला असा मान क्वचितच मिळतो. निबंधातील कल्पनेचे मर्म असे : बांधाबांधाने जाण्याचे सोडून द्यावे आणि शेताच्या आतून सरळ जावे. हे ऐकावयास सोपे, पण त्यात एक अडचण आहे. आतील बिंदू एखाद्या कडेच्या फार जवळ असला तर नफा वाढण्याच्या दिशेने एक पाऊल टाकताच हद्द आडवी येते आणि पाऊल तोकडे पडते. बिंदू क्षेत्राच्या मध्यावर असेल तर मात्र मोठी उडी घेण्यास जागा असते. बिंदू मध्यावर नसेल तर काय करावे? करमरकरांनी क्षेत्रच बदलले. एका प्रक्षेपीय रूपांतराने त्यांनी सारे बहुफलक असे काही ताणले आणि आखडले की, आपण उभे आहोत तो बिंदू नेमका मध्यावर यावा. मग तेथून मोठे पाऊल टाकावे, रूपांतर उलटे फिरवून मूळ क्षेत्रात परत यावे, नव्या बिंदूसाठी नवे रूपांतर घ्यावे, आणि असे करीत उत्तम कोपऱ्याशी भिडावे. प्रत्येक पावलाला किती प्रगती होते हे मोजण्यासाठी त्यांनी एक निराळे मापही रचले, आणि त्याच्या आधाराने, प्रश्न कितीही वाकडा असला तरी पावलांची संख्या एका मर्यादेत राहते हे सिद्ध केले. खाचियान यांच्या रीतीहून ही मर्यादा अज्ञात राशींच्या संख्येच्या अडीचव्या घाताने कमी होती. आणि, जे अधिक महत्त्वाचे, ही रीत कागदावर होती तशीच यंत्रावरही वेगाने चालू शकत होती.

या निबंधाभोवती जो वाद उठला त्याची हकीगत पुस्तकात यथावकाश दिली आहे. येथे त्यातील दोनच गोष्टींचा उल्लेख करतो. रशियातील दिकिन यांनी १९६७ साली याच्याशी नाते सांगणारी एक रीत दिली होती, आणि १९८६ साली गिल, मरी, साँडर्स, टॉमलिन आणि राइट या पाच गणितींनी करमरकरांची रीत पूर्वी माहीत असलेल्या लघुगणकीय अवरोधाच्या रीतीशी जुळते हे दाखवून दिले. यावरून करमरकरांनी नवे काय केले, असा प्रश्न काहींनी केला. मला तो प्रश्न न्याय्य वाटत नाही. जुन्या रीती निजलेल्या होत्या. त्या बहुपदी काळात पोहोचवतील याची शाश्वती कोणी दिली नव्हती, आणि १९८४ नंतर अंतर्बिंदू पद्धतींचे जे एक मोठे शास्त्र उभे राहिले त्याची चालना याच निबंधातून आली. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. बेल प्रयोगशाळेची मालक असलेल्या एटी अँड टी कंपनीने या रीतीचे पेटंट मागितले, १९८८ साली ते तिला मिळाले, आणि ही रीत चालविणारी ‘कॉर्बेक्स’ नावाची यंत्रणा सुमारे ८९ लाख डॉलर किमतीला विक्रीस ठेवण्यात आली. ती घेणाऱ्यांत अमेरिकी वायुदलाचे वाहतूक खाते होते. गणिताच्या एका रीतीवर कंपनीला मक्त्याची सनद मिळावी, हे अनेक गणितींना रुचले नाही, आणि मलाही रुचत नाही. पायथागोरसच्या सिद्धांतावर कोणी पाणीपट्टी बसवावी तसे ते झाले. पण त्यासाठी गणित्याच्या बुद्धीचे मोल कमी करणे हेही योग्य नव्हे. १९८४ चे लँचेस्टर पारितोषिक आणि १९८८ चे फुल्कर्सन पारितोषिक त्यांना मिळाले ते त्या बुद्धीचे.

करमरकरांविषयी जे काही मराठीत लिहिले जाते ते बहुधा येथेच थांबते. जणू त्यांचे सारे विद्याजीवन १९८४ च्या एका वर्षात सामावले आहे. हे पुस्तक लिहिण्याची निकड मला वाटली ती मुख्यतः या समजुतीमुळे. माझे म्हणणे असे आहे की, या जीवनाला एकच धागा आहे आणि तो प्रक्षेपीय भूमितीचा आहे. ही भूमिती दोनशे वर्षांपूर्वी कोणत्याही व्यवहाराच्या गरजेतून जन्माला आली नाही. नेपोलियनच्या सैन्यातील पाँसले हा तरुण अधिकारी १८१२ च्या माघारीत रशियात पकडला गेला आणि सारातोव्हच्या कैदेत, हाताशी एकही पुस्तक नसताना, केवळ आठवणीच्या बळावर त्याने तिची पायाभरणी केली. १८२२ साली त्याचा ग्रंथ निघाला. पुढे सुमारे दीड शतक ती शुद्ध गणित्यांच्या आवडीचा विषय राहिली. बहुफलक ताणून बिंदू मध्यावर आणणारे करमरकरांचे रूपांतर याच भूमितीतून आलेले आहे.

आणि १९८४ नंतर त्यांनी पुन्हा तिचाच हात धरला. आता त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता : पुष्कळ गणनयंत्रे एकाच वेळी कामाला लावली असता ती स्मृतिकोशांपाशी एकमेकांची वाट अडवून बसतात, ते कसे टाळावे? त्यांचे उत्तर त्यांनी १९९१ च्या एका निबंधात मांडले. सांत प्रक्षेपीय भूमितीच्या प्रतलात बिंदू मोजके असतात, रेषाही तितक्याच असतात, कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात. सर्वांत लहान अशा रचनेत सात बिंदू आणि सात रेषा असून प्रत्येक रेषेवर तीन बिंदू असतात. बिंदूंना ० ते ६ असे क्रमांक द्यावे. ०, १, ३ ही पहिली रेषा घ्यावी. प्रत्येक क्रमांकात एक मिळवीत जावे आणि सहानंतर पुन्हा शून्य मोजावे, म्हणजे १, २, ४ मग २, ३, ५ अशा सातही रेषा हाती येतात. बिंदूंच्या जागी स्मृतिकोश आणि रेषांच्या जागी गणनयंत्रे बसवली, तर कोणत्याही दोन स्मृतिकोशांतील मजकूर एकत्र आणणारे यंत्र नेमके एकच असते, त्यामुळे कोणाचे काम कोणाकडे हा वाद उरत नाही. आणि रचनेच्या सममितीमुळे सर्वांवर बोजाही सारखा पडतो. ज्या भूमितीने १९८४ मध्ये उत्तम बिंदूकडे जाण्याची वाट दिली तीच येथे यंत्राचा आराखडा झाली. शुद्ध गणित आणि उपयोजित गणित असे दोन कप्पे करून विद्यार्थ्यांना त्यांपैकी एकात बसविण्याची जी वहिवाट आपल्या महाविद्यालयांत पडली आहे, ती या माणसाच्या कामापुढे टिकत नाही.

पुढे ते स्वदेशी परतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते, याच भूमितीवर आधारलेल्या महासंगणकाचा आराखडा त्यांनी तेथे तयार केला, आणि त्यानंतर टाटा उद्योगसमूहाच्या आश्रयाने पुण्यात त्या दिशेचे काम सुरू झाले. २००७ साली ते त्यातून बाहेर पडले. विद्यापीठ, औद्योगिक प्रयोगशाळा, मूलभूत संशोधनाची संस्था आणि पुन्हा उद्योग, असा हा प्रवास ज्यांना विस्कळीत वाटतो त्यांनी वर सांगितलेला धागा हाती धरून तो पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे.

बंधनांच्या आत राहून उत्तम ते गाठणे ही गोष्ट बारामतीला नवी नाही. अठराव्या शतकात बाबूजी नाइकांच्या आश्रयाने येथे राहिलेल्या मोरोपंतांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली. त्यांतील एकेका रामायणाला त्यांनी आपणहून एकेक अट घालून घेतली होती, आणि निरोष्ठ रामायणात तर एकही ओष्ठ्य वर्ण येऊ दिला नाही. तसेच, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुणे भागात कार्यकारी अभियंता असलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या कालव्यासाठी ब्लॉक पद्धत योजली. गटातील ठरावीक क्षेत्रालाच उसाचे पाणी द्यावयाचे आणि उरलेल्यात हलकी पिके घ्यावयाची, ही तिच्यातील अट म्हणजे आपल्या सहा एकरांच्या उदाहरणातील असमीकरणच होय. फरक इतकाच की, ते सोडविण्याची यांत्रिक रीत तेव्हा कोणाजवळ नव्हती.

पुस्तकाची मांडणी पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या भागात सहा एकरांचे उदाहरण सिम्प्लेक्सने आणि मग करमरकरांच्या रीतीने, पाऊल पाऊल हातांनी सोडवून दाखविले आहे. त्याला दहावीचे बीजगणित पुरते. दुसऱ्या भागात प्रक्षेपीय रूपांतर आले आहे; तो भाग सावकाश वाचावा, आणि सात बिंदूंची आकृती स्वतः काढल्याशिवाय तिसऱ्या भागाकडे वळू नये. चौथा भाग अनिर्णीत प्रश्नांचा आहे. त्यातील एका प्रश्नाकडे मी येथील विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. करमरकरांच्या रीतीला लागणाऱ्या पायऱ्या, प्रश्नात अज्ञात राशी किती आणि अटी किती एवढ्यावरच ठरत नाहीत. दिलेल्या संख्यांत अंक किती आहेत यावरही त्या अवलंबून असतात. पाण्याचे हिस्से बारा असोत वा बारा दशांश स्थळांपर्यंत मोजलेले असोत, पायऱ्यांची मर्यादा केवळ शेतांच्या आणि अटींच्या संख्येवर राहील, अशी रीत आहे काय? स्टीफन स्मेल यांनी एकविसाव्या शतकासाठी जे अठरा प्रश्न मांडले त्यांत हा नववा आहे, आणि तो अद्याप कोणी सोडविलेला नाही.